लाल चिठ्ठीवरचा डी

स्टाशा विल्चेकचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. पाळी सहाची, बस पाच वाजून पाचची, थांबा घरापासून दोन गल्ल्यांवर. तेवढ्यासाठी पावणेपाचला उठलं तरी चाललं असतं. वरची पस्तीस मिनिटं गुडघ्यांची. पलंगाच्या कडेला बसून ती दोन्ही गुडघे आधी तळहातांनी चोळायची, मग एकेक वाकवायची, मग उभी राहायची. जिना पाठमोरी उतरायची, कठडा धरून, शिडीवरून उतरावं तशी. खाली काळी कॉफी आणि राय ब्रेडचे दोन तुकडे. डबा आदल्या संध्याकाळीच भरलेला असायचा.

हे तिनं सांगितलेलं. मी पाहिलं ते पावणेसहानंतरचं. पावणेसहाला ती ऑल्डरपाइक कंपनीच्या मागच्या दारानं आत यायची, पंधरा मिनिटं आधी, त्या पंधरा मिनिटांचा पगार नसताना. ढकलगाडीच्या चाकांना तेल घालायची. दुसऱ्या कुणी घातलेल्या तेलावर तिचा विश्वास नव्हता. मी फलाटावर ट्रकमध्ये माल चढवायचो, ती गोदामात माल वेचायची. ती सत्तावीस वर्षं, मी एकतीस.

आमची कंपनी बॉयलर आणि भट्ट्यांचे सुटे भाग विकायची. दुरुस्तीवाले फोन करायचे, वर ऑफिसात पावती निघायची, पावती खाली यायची, स्टाशा ती घेऊन अठ्ठावीस गल्ल्यांत फिरायची, भाग काढायची, खोक्यात भरायची. खोकं माझ्याकडे. आमच्या ईरी शहरात तलावावरून बर्फ सुटला की ऑक्टोबर ते मार्च श्वास घ्यायला सवड नाही. एका हिवाळ्यात मी तिच्या घोट्याला पावलं मोजायचं यंत्र बांधलं होतं. कमीत कमी दिवस सहा मैल, जास्तीत जास्त आठ. म्हणजे सरासरी सात. वर्षाला दोनशे चाळीस दिवस, सत्तावीस वर्षं. गुणाकार करून पाहा. पंचेचाळीस हजार मैल, सिमेंटवर. गुडघे कशानं गेले म्हणून डॉक्टरनं तिला विचारलं होतं. शिकलेला माणूस.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण ती लोक चुकीची सांगतात.

चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी. स्टाशाच्या लक्षात आलं की एकच नाव लागोपाठ दोन दिवस पावतीवर येतं. आज पेटवणी, म्हणजे बॉयलर पेटवणारा भाग, मागवणारा माणूस उद्या तिच्यामागची गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, मागवतो. कारण जुनी गॅस्केट काढताना फाटते, नि हे त्याला जुनी काढल्यावर कळतं. तोवर कुणा म्हातारीचं घर आणखी दोन रात्री गार. पण खरं सांगायचं तर स्टाशाला पहिल्यांदा म्हातारीची आठवण नाही झाली. पेटवणी आणि गॅस्केट दोन्ही चौदाव्या गल्लीत, शेजारी शेजारी होत्या.

"एकाच माणसासाठी मी चौदाव्यात दोनदा का जाऊ?" ती मला म्हणाली. "त्याचं डोकं वाचवायला माझे पाय?"

म्हणून तिनं पेटवणीबरोबर गॅस्केट आपणहून पाठवायला सुरुवात केली. वेगळ्या छोट्या पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, वर लाल चिठ्ठी. लागली तर ठेवा, पैसे मागाहून द्या. नाही लागली तर पुढच्या खोक्यातून परत पाठवा. आधी मालकाला विचारलं. मालक तेव्हा म्हातारा एमेट ऑल्डर. त्यानं विचारलं, परत नाही पाठवली आणि पैसेही नाही दिले तर? ती म्हणाली, बॉयलर दुरुस्त करणारा माणूस एका गॅस्केटसाठी स्वतःचं नाव घालवत नाही. म्हाताऱ्यानं हो म्हटलं.

त्या छोट्या पिशवीला तिनं नाव दिलं द्रुह्ना. आम्हा पोलिश लोकांत लग्नात नवरीशेजारी जी करवली उभी असते ती द्रुह्ना. नवरी एकटी निघत नाही, तिच्यासोबत करवली जाते, तसं. निम्मं गोदाम पोलिश होतं, नाव एका दिवसात रुळलं. "चेट, या खोक्यात करवली बसली का बघ," असं ती मला फलाटावर ओरडून विचारायची, आणि ट्रकवाले नवीन असले की इकडेतिकडे बाई शोधायचे. चिठ्ठीच्या डोक्यावर एकच मोठं अक्षर, डी. द्रुह्नाचा डी. चिठ्ठ्या चर्चच्या तळघरातल्या छापखान्यात छापल्या, एकदमच काही वर्षं पुरतील एवढ्या. तिथला काझिमीर प्रत्येक छापील कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या आकड्यांत, महिना आणि वर्ष टाकायचा. ३-९४. त्याची सवय. हा आकडा लक्षात ठेवा.

कुठल्या भागाबरोबर कुठली करवली, हे आधी तिच्या डोक्यात होतं. मग शाळेच्या वहीत उतरलं. दोनशे बारा जोड्या. प्रत्येक जोडी चुकून, परत येऊन, दुरुस्त होऊन वहीत बसलेली. एखादी करवली शंभरातून तीसदा परत आली की ती वहीतून खोडायची. "नको असलेली पाहुणी," म्हणायची. "खोक्यात जागा अडवते."

दोन वर्षांत दुसऱ्या दिवशीचे फोन निम्म्यावर आले. दुरुस्तीवाले आमच्याकडेच फोन करायला लागले, कारण आमच्या खोक्यात त्यांच्या विसराळूपणाची सोय असायची. कंपनीचा नफा चार वर्षं चढत गेला. हे कुठल्या अहवालातून नाही सांगत. नाताळात म्हातारा ऑल्डर फळकुटांच्या ढिगावर उभा राहून आकडे वाचून दाखवायचा आणि प्रत्येकाला एक हॅम द्यायचा. स्टाशाला दोन द्यायचा. ती दुसरं मला विकायची. फुकट दिलं तर हक्क सांगशील, म्हणायची.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात म्हाताऱ्यानं कंपनी विकली. नव्या मालकांना आम्ही कधी पाहिलं नाही. त्यांच्या वतीनं टॉड लेंडरमन नावाचा उपाध्यक्ष आला. वय अडतीस. पहिल्याच आठवड्यात गोदामात आला, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि नंतर पायऱ्यांवर उभा राहून रुमालानं हात पुसला. मी पाहिलं.

त्यानं स्टाशाची वही मागितली. दोन दिवसांसाठी, संगणकात घालायला. वही तीन आठवड्यांनी परत आली, पुठ्ठ्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग. एक लाल चिठ्ठीही नमुना म्हणून नेली होती. ती परत आली नाही.

त्या नोव्हेंबरात कंपनीनं पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा देशभर ती लाटच होती. यंत्राचं नाही, औषधाचं नाही, धंदा करायच्या रीतीचं पेटंट. दोन हजार साली ते मिळालं. "पूरक वस्तू आगाऊ व परतीच्या बोलीवर पाठवण्याची पद्धत." शोध लावणारे दोन: टॉड लेंडरमन आणि शिकागोचा एक सल्लागार. सल्लागार गोदामात एकदा आला होता, प्रसाधनगृह शोधत. सव्वीस पानं. त्यात स्टाशाचं नाव नाही.

कायद्यानं तिचा पैशावर हक्क नव्हता. नोकरीला लागताना आम्ही सगळ्यांनी सही केलेली की कामावर सुचेल ते कंपनीचं. तिनं कधी हिस्सा मागितलाही नाही. पण शोध कुणी लावला हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर विकत घेता येत नाही, आणि त्यांनी ते विकत घेतल्यासारखं भिंतीवर टांगलं. पितळी पट्टी, वर दिवा. आम्हाला सगळ्यांना टाळ्या वाजवायला ऑफिसच्या दर्शनी दालनात बोलावलं. शेअर त्या आठवड्यात नवावरून चौदावर गेला. लेंडरमन म्हणाला की आज कंपनीची खरी संपत्ती या भिंतीवर आहे.

"याच्यावर बॉयलर पेटतो का, पोरा?" स्टाशानं विचारलं.

लोक हसले. तोही हसला. वर्षभर त्याला वाटत राहिलं की ती गंमत होती.

आता त्या संपत्तीनं काय केलं ते सांगतो. मी हिशेबनीस नाही. मी खोकी मोजतो.

पेटंट मिळाल्यावर करवली कोण हे संगणक ठरवायला लागला. वही कपाटात गेली. संगणकाला कुणीतरी सांगितलं की एकाऐवजी तीन करवल्या पाठव, विक्री वाढेल. आणि बोली उलटी केली. आधी होतं, ठेवली तर पैसे द्या. आता झालं, दहा दिवसांत परत नाही आली तर पैसे लागले. दुरुस्तीवाले गाडीत राहतात. हिवाळ्यात त्यांना दहा दिवस म्हणजे काल. त्यांना नको असलेल्या भागांची बिलं गेली. ते चिडले आणि चिडून सगळंच परत पाठवायला लागले, हवं ते पण. माझ्या फलाटावर परतीचा माल उभा राहिला. पूर्वी दिवसाला चाळीस पिशव्या यायच्या. दोन हजार दोनमध्ये दिवसाला चारशे खोकी. ती उघडायला, तपासायला, जागेवर लावायला माणसं लागतात. त्या चालण्याचे मैल कुठल्या पेटंटात आहेत?

दुसरीकडे वकील. पिट्सबर्गहून यायचे. तीन छोट्या कंपन्यांना पत्रं गेली की तुम्ही आमची पद्धत वापरता, परवाना घ्या. त्या घाबरल्या आणि पैसे दिले. वार्षिक सभेत त्याचा मोठा आलेख दाखवला, वर जाणारी रेघ. वकिलांना जे गेलं त्याची रेघ दाखवली नाही. ती आलेल्याच्या दीडपट होती. हे मला बिलं भागवणाऱ्या बाईनं सांगितलं. सहाव्या गल्लीवरचं छत गळायचं. त्याला ताडपत्री मिळाली. सरकता पट्टा आठवड्यातून दोनदा बंद पडायचा, तेव्हा आम्ही खोकी हातानं न्यायचो. ज्या रीतीनं कंपनीला पैसा दिला ती रीत मोडून तिच्या नावाचा कागद जपत बसले होते. तीन वर्षांत नफा उतरत उतरत तोटा झाला. पट्टीवरचा दिवा मात्र रोज लागायचा.

चौथं पत्र गेलं कार्मेन फस्कोला. जवळच्या डंकर्क गावात त्याचं दुकान, अकरा माणसं. तो आधी दुरुस्तीवाला होता, आमचंच गिऱ्हाईक. लाल चिठ्ठी त्यानं आमच्याच खोक्यात पाहिली होती आणि पुढे स्वतः सुटे भाग विकायला लागल्यावर तसंच करायला लागला. त्यानं पैसे दिले नाहीत. म्हणाला, हे मी पंच्याण्णवपासून तुमच्याकडून घेतोय, अठ्ठ्याण्णवात शोध कसा लागला? कंपनीनं त्याच्यावर खटला भरला.

कायदा असा की अर्ज करण्याच्या वर्षभर आधीपासून एखादी रीत उघड धंद्यात चालू असेल तर तिच्यावर पेटंट बसत नाही. म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. करवल्या केव्हापासून जातात? फस्कोच्या वकीलबाईंनी, मिस ट्रॅव्हर्सनी, स्टाशाला शपथेवर जबानी द्यायला बोलावलं. ऑक्टोबर दोन हजार दोन.

आणि गुडघे होते. डॉक्टरनं दोन्ही बदलायला सांगितले होते, एकाच वेळी. नोव्हेंबरच्या चार तारखेचा दिवस ठरलेला, बारा आठवड्यांची रजा मंजूर, खर्च कंपनीच्या विम्यातून. स्टाशा साठ वर्षांची. सरकारी विमा पासष्टाव्या वर्षी. मधल्या पाच वर्षांत कंपनीचा विमा हाच तिचा विमा. त्या शस्त्रक्रियेसाठी तिनं खालच्या खोलीत पलंग आणून ठेवला होता.

जबानीच्या आदल्या दिवशी लेंडरमन गोदामात आला. मी बारा फुटांवर खोकी रचत होतो. त्यानं आवाज हळू केला, पण गोदामात आवाज कुठे लपतो?

"वांधा काय आहे, स्टाशा, इतक्या वर्षांपूर्वीचं कुणालाच नीट आठवत नाही," तो म्हणाला. "आठवत नाही म्हणणं काही खोटं नव्हे."

"मला आठवतं."

"नोव्हेंबरात गुडघे करायचेत ना?"

तिनं हातातली पावती वाचली आणि बाविसाव्या गल्लीकडे गेली. तिथून परत येताना डावा पाय ओढत होती.

दुसऱ्या दिवशी मीच तिला गाडीतून नेलं. वकिलांच्या ऑफिसात मी बाहेरच्या खोलीत बसलो, तीन तास. आत काय झालं ते मी नंतर शब्दशः वाचलं, कारण टंकलेली जबानी तपासून सही करायला तिच्या घरी आली आणि तिनं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला वाचायला लावली. चष्मा सापडत नाही म्हणाली. चष्मा टेबलावरच होता.

कंपनीचा वकील दोन तास एकच प्रश्न फिरवत होता. वर्ष चुकत असेल. सत्त्याण्णव असेल, अठ्ठ्याण्णव असेल. वही कुठे आहे? वही कपाटातून गायब झाली होती. चिठ्ठ्या? जुन्या चिठ्ठ्या टाकून दिल्या होत्या, नव्या संगणकाच्या. मग तुमच्या शब्दाशिवाय पुरावा काय, असं त्यानं विचारलं.

"तुमच्यापुढे पेटंट आहे ना?" तिनं विचारलं. "चौथी आकृती काढा."

चौथी आकृती लाल चिठ्ठीची. नेलेला नमुना समोर ठेवून कुणा आकृत्या काढणाऱ्यानं ती रेघेला रेघ उतरवली होती.

"खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा. बारीक आहे."

जबानीत इथे लिहिलं आहे की वकिलांनी भिंग मागवलं. मग त्यांनी वाचलं. तीन, चौऱ्याण्णव.

सव्वीस पानांत शोध लावणारे दोन, वकील चार, तपासणारा सरकारी माणूस एक. कुणी कोपरा पाहिला नाही. त्या सगळ्या कागदावर इमानानं काम केलेला एकच माणूस, आकृत्या काढणारा. त्याला जसं आहे तसं काढ म्हणून सांगितलं, त्यानं जसं होतं तसं काढलं. त्याचं नाव कुठेच नाही.

मग मिस ट्रॅव्हर्सनी एकच विचारलं. चिठ्ठीवरचा डी कशाचा? लेंडरमननं आपल्या जबानीत तो "डिमांड"चा आहे असं सांगितलं होतं. पेटंटातही तसंच छापलं होतं.

"द्रुह्नाचा," स्टाशा म्हणाली. आणि टंकणाऱ्या बाईसाठी अक्षरं सांगितली. ती पानावर आहेत, एकेक सुटी.

मी वाचून संपवलं. ती म्हणाली, चुका सापडल्या का? मी म्हटलं, एक. त्यांनी विल्चेकमध्ये एक अक्षर कमी घातलंय. तिनं पेन घेतलं, अक्षर घातलं, सही केली.

चार दिवसांनी आधी मंजूर झालेला रजेचा अर्ज परत आला. डॉक्टरची सही चुकीच्या रकान्यात. तिनं दुरुस्त करून दिला. पुन्हा परत आला. तारीख जुन्या फॉर्मवर आहे, नवा फॉर्म आलाय. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा नोव्हेंबरची सात तारीख होती. वर चिठ्ठी होती की हंगाम सुरू आहे, एप्रिलमध्ये पाहू. कायद्यानं रजा तिची होती. कायदा मिळवायला वकील लागतो, वकिलाला जायला सुट्टी लागते. इस्पितळानं नवी तारीख दिली, चौदा एप्रिल. तिला गोदामातून काढून परतीच्या मालावर घातलं. माझ्या फलाटावर, जिथे दार दिवसभर उघडं. साठ वर्षांची बाई, दिवसाला चारशे खोकी, उभ्यानं. तो अख्खा हिवाळा तिनं काढला. एक दिवस खाडा नाही. मी तिच्यासाठी उंच स्टूल आणलं. ते दोनदा उचलून नेलं. तिसऱ्यांदा मी ते साखळीनं खांबाला बांधलं.

फेब्रुवारीत न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं. शेअर एक डॉलर दहा सेंटवर आला. तीन परवानावाल्यांनी पैसे परत मागितले. मार्चमध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. दारावर कागद लागला: काम एकतीस मार्चला बंद, आरोग्य विमा त्याच दिवशी बंद. योजनाच उरली नाही, त्यामुळे स्वतःच्या पैशानं पुढे चालवायलाही काही नाही. चौदा एप्रिलला चौदा दिवस कमी पडले.

त्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासांतलं, मांसाऐवजी मासळीचं जेवण होतं, दरवर्षीसारखं. सगळं गोदाम तिथे. स्टाशा ताट घेऊन आली तर बाकावर जागा होईना. म्हणजे जागा होती, पण माणसं सरकेनात. व्हर्न डोब्रिक आमचा गाडीवाला, वीस वर्षांचा सोबती. तो मोठ्यानं म्हणाला की एकशे चाळीस माणसांची भाकरी एका तोंडानं खाल्ली. तोंड गप्प ठेवायला काय झालं होतं?

मी उठणार होतो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं आणि ताट व्हर्नच्या समोरच ठेवलं.

"व्हर्न, गेल्या हिवाळ्यात दिवसाला किती खोकी चढवलीस?"

"पाचशे. सव्वापाचशे."

"आणि मी परत किती उघडली?"

तो मासळीतले काटे काढायला लागला.

"तूच उतरवायचास. किती?"

"चारशे."

"म्हणजे दिवसभर राबून आपण शंभर खोकी विकली. बाकीची फिरायला गेली होती." ती बसली, पाय लांब केला. "पेटंट राहिलं असतं तर ती चारशे कमी झाली असती का रे? छत गळायचं थांबलं असतं? मी आठवत नाही म्हटलं असतं तर माझे गुडघे झाले असते, एवढं खरं. तुझं काय झालं असतं ते तू सांग."

व्हर्ननं कोबीची वाटी तिच्याकडे सरकवली. ती माफी होती की वाटी, मला माहीत नाही. मी त्याला आजही पूर्ण माफ केलेलं नाही, कारण त्याला मोजता येत होतं आणि तरी त्यानं मोजलं नव्हतं. लेंडरमनचं विचाराल तर तो पुढच्या महिन्यात क्लीव्हलंडला दुसऱ्या कंपनीत लागला. अर्जावर पेटंटधारक असं लिहिलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

मे महिन्यात फस्को स्वतः तिच्या घरी आला, टोपी हातात. गुडघ्यांचं त्याला मिस ट्रॅव्हर्सकडून कळलं होतं. म्हणाला, बाई, अकरा माणसांच्या दुकानाला विमा परवडत नाही, तो मी देऊ शकत नाही. पण बसून करायचं काम आहे. घरून. फोन येईल, माणूस काय हवं ते सांगेल, तुम्ही तो काय विसरला ते सांगायचं. तिनं पगार विचारला. त्यानं सांगितला. तिनं वर दीड डॉलर सांगितला. तो हसला आणि कबूल झाला. नवी वही तिनं पाठांतरातून लिहिली. दोनशे नऊ जोड्या आठवल्या. उरलेल्या तीन तिला आठवेनात, आणि त्यांचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

दुसऱ्या वर्षी फस्कोच्या दुकानात सोळा माणसं होती. पेटंट एकही नाही.

बँकेत तिचे पैसे होते. सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी पगारातले थोडे बाजूला काढलेले. नवरा लवकर गेला, मूल नाही. ते कशासाठी आहेत हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. छप्पर, म्हणायची कधी, किंवा पोलंडातलं क्राकोव्ह बघायला. दोन हजार चारच्या सप्टेंबरात ती इस्पितळाच्या हिशेब खिडकीशी गेली. मी बरोबर होतो. विमा नसलेल्याला दोन्ही गुडघ्यांचे किती, ते खिडकीतल्या मुलीनं सांगितलं. स्टाशानं पासबुक काढलं, पाहिलं, मिटलं.

"एकाचे किती?" तिनं विचारलं.

मुलीनं सांगितलं. तेवढे होते. वर बसभाड्यापुरते उरत होते. कुठला करायचा, असं मुलीनं विचारलं. आम्ही दोघंही एकदमच बोललो. गोदामातल्या गल्ल्या सगळ्या एकाच बाजूला वळायच्या, आणि भरलेली ढकलगाडी वळवताना सगळा भार एकाच पायावर यायचा.

पंचेचाळीस हजार मैलांच्या पगारात डावा गुडघा आला. उजवा जुनाच आहे. दिवस अजून चार दहालाच सुरू होतो, पण आता पस्तीस मिनिटांची अठरा झाली आहेत.